भट्टी म्हातारी नव्हती

जुझेकाका,

तुझ्या मयताला आलेल्या तालुक्याच्या साहेबांनी सिमित्रीत दोन मिनिटं भाषण केलं. पेटी अजून खड्ड्यात उतरली नव्हती. "दोनशे वर्षांच्या भट्टीचा शेवटचा राखणदार गेला," असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. त्यातली दोनशे वर्षं त्यांची नव्हतीच. माझ्या पत्रकातली होती, दुसऱ्या परिच्छेदातली, आणि तो आकडा खोटा होता. त्या गर्दीत हे तिघांनाच माहीत होतं. मला, लुसूमावशीला आणि तुला. तू पेटीत होतास.

मग घरी चहा. चहाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतला पाव. चौकोनी, गोडसर, दाबला की दाबलेलाच राहणारा. ज्या माणसाने अख्ख्या गावाच्या लग्नांना आणि मयतांना पाव पुरवला, त्याच्या मयताला तालुक्याहून पिशव्या आणाव्या लागल्या. कारण तुझी भट्टी सहा महिने थंड होती. लुसूमावशीने एक पाव उचलला, तू करायचास तसा उलटा केला, खालची बाजू बघितली आणि परत बशीत ठेवला.

"ह्येका बूड नाय," ती म्हणाली. नवरा गेल्यानंतर तिच्या तोंडून आलेले हे पहिले शब्द. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मला तिकडे बायका सांगत होत्या, रड गो, बरं वाटतं. पण मला रडू यायच्या आधी राग येतो, हे तुला ठाऊक आहे. तूच म्हणायचास, "ह्या चेडवाक आग पयली आणि पीठ मागसून." तर आज तुझ्याशी बोलायचं आहे ते रागानेच. थोडा राग तुझ्यावर, बराचसा माझ्यावर, उरलेला त्या पिवळ्या बल्बवर.

मी सात वर्षांची असेन. आईने उंडे आणायला पाठवलं होतं, ते गोल, जाड सालीचे, चहात बुडवले तरी मान न टाकणारे. पाव अजून भाजायचे होते. मी वाट बघत उभी राहिले आणि तुला विचारलं, भट्टी तापली की नाही ते कसं कळतं. तू बाही वर सारलीस, भट्टीच्या तोंडातून हात कोपरापर्यंत आत घातलास आणि पुटपुटायला लागलास. नमान मारिये. अख्खी प्रार्थना संपली तरी हात आत टिकला, तर भट्टी थंड. अर्ध्यातच ओढून घ्यावा लागला, तर पाव करपणार. आमेन म्हणता म्हणता हात आपसूक बाहेर आला, की पाव आत घालायचे.

"माका नाय येत ती," मी म्हटलं.

"मगे तुमची आरती म्हण. चलतली. पण तुमची आरती लांब, हात करपान जातलो."

मी तुझी प्रार्थना पाठ केली. आमच्या घरात गणपती बसतो, तुळशीचं लग्न लागतं, आणि त्या घरातल्या मुलीला नमान मारिये पाठ आहे, ते केवळ पावापायी. यावर कोणाला आक्षेप असेल तर त्याने उंडे खाऊ नयेत.

मग तुझ्या आवाराच्या मागे लॉज उभा राहिला. समुद्राकडे तोंड, तुझ्याकडे पाठ. एका हंगामात त्यांना समुद्र दिसला, दुसऱ्या हंगामात तुझा धूर दिसला. पाहुण्यांच्या चादरींवर काजळी बसते, अशी तक्रार गेली. चादरींवर! आणि तुला नोटीस आली की भट्टी काढा.

मी तेव्हा सावंतवाडीचं कॉलेज संपवून नुकतीच घरी आले होते. पिशवीत पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. पत्रक कसं लिहायचं ते मला येत होतं. वर जाड मथळा, खाली तीन मागण्या, आणि मध्ये एक आकडा. आकड्याशिवाय पत्रक म्हणजे मिठाशिवाय कालवण, असं आमच्या चळवळीतली थोरली मंडळी सांगायची. तर मी आकडा मागायला तुझ्याकडे आले. तू पायरीवर बसून पाव आत सारायच्या लांब दांड्याच्या फळीची चीर बुजवत होतास.

"काका, भट्टी किती जुनी?"

"खंयची भट्टी?"

"हीच. दुसरी खंय आसा?"

"बूड आज्याचां. भिंती बापाशीच्यो. वयलो घुमट माझो." मग बोटं मोजलीस. "माझो तिसरो. धा-बारा वर्सांनी तडे जातत गो. मगे फोडूचो. जुनी माती कुटूची, नव्या मातीत घालूची, परत बांधूचो."

"म्हणजे हा घुमट कधीचा?"

"तू धावीच्या गणितात उडालंस ना? त्या वर्साचो."

म्हणजे आठ वर्षं. आता मला सांग, "आठ वर्षांची भट्टी वाचवा" असं पत्रक कोण वाचणार? आमच्या घरचा फ्रीज त्याहून जुना. तेव्हा दहावीच्या गणितात उडालेल्या मुलीने आपलं गणित मांडलं. आजा, त्याचा बाप, त्याचा बाप. झाले दोनशे. लिहिलं. छापलं. "दोनशे वर्षांचा वारसा धुरात नाही, तुमच्या दुर्लक्षात गुदमरतोय." त्या ओळीवर मी तेव्हा खूश होते, खोटं कशाला बोलू.

तुला ती ओळ वाचून दाखवली तेव्हा तू चष्मा कपाळावर चढवलास.

"वारसो म्हणजे काय गो? किल्लो?"

"तसंच समज."

"नाय समजाणा. किल्लो थंड बरो. भट्टी थंड म्हणजे मडां."

आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि कधी संपलंच नाही. मी म्हणायचे, जे जुनं आहे ते राखलं पाहिजे. तू म्हणायचास, जे चालतं ते राखावं लागत नाही आणि जे राखावं लागतं ते चालत नाही. मी तुला अडाणी म्हटलं. तू मला पत्रक म्हटलंस. "इली बघ, पत्रक इलां," असं लुसूमावशीला आतून ओरडून सांगायचास आणि मग मला गरम उंडा द्यायचास. तोंड भरलं की वाद थांबतो, हे तुझं राजकारण.

आता तो दिवस.

पाहणीला तालुक्याचे साहेब आले, फाईल घेऊन. अर्धं गाव तुझ्या आवारात. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा, घसा बसलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी बोलावलं म्हणून माणसं जमलेली. साहेबांनी पत्रकातली ओळ बोटाने दाखवत तुला विचारलं, "काय हो, दोनशे वर्षांची आहे ना ही?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी जमिनीकडे.

तू हाताचं पीठ लुंगीला पुसलंस आणि म्हणालास, "चेडवान लिवलेलां आसा, तर आसतलां."

जुझेकाका, तू तो माणूस होतास ज्याने कालचा पाव कधी आजचा म्हणून दिला नाही. कालच्यांची टोपली वेगळी, तिच्यावर फाटकं फडकं, म्हणजे लांबूनच कळावं. आणि तू माझ्यासाठी अख्ख्या गावासमोर शिळ्याला ताजं नव्हे, ताज्याला शिळं म्हणालास. का, ते मी तुला विचारलं नाही. जिंकण्याच्या गडबडीत होते.

कारण आपण जिंकलो. नोटीस मागे घेतली गेली. कोणीतरी ढोल आणला. पेपरात तुझा फोटो आला आणि खाली नाव चुकलं. आणि मग महिन्याभरात दुसरा कागद आला, चांगल्या जाड कागदावर. भट्टी जतन होणार. अट एकच. अतिप्राचीन मातीकामास उष्णतेने इजा पोहोचू नये, यासाठी आत अग्नी पेटवू नये.

भट्टीला उष्णतेने इजा! मासा पाण्यात बुडेल म्हणून त्याला काठावर काढून ठेवा, त्यातला हा प्रकार. मी तो कागद तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा मला कळलं, की हा त्यांचा मूर्खपणा नाही. त्यांनी माझं पत्रक खरं मानलं, बस. दोनशे वर्षांचा घुमट असता तर ते बरोबरच होते. आठ वर्षांच्या धडधाकट भट्टीला मी म्हातारी केलं होतं आणि त्यांनी तिला खाटेवर निजवलं.

तू सही केलीस, कारण मी म्हटलं, कर, ही तात्पुरती अट आहे, पुढच्या बैठकीत काढून घेऊ.

दोरी लागली. पाटी लागली, तिच्यावर माझी ओळ. आणि आत, जिथे तुझे निखारे असायचे, तिथे एक पिवळा बल्ब, आग असल्यासारखं वाटावं म्हणून. तू वाकून बघितलंस. "ह्येच्यार काय भाजूचां? डोळे?" एवढंच बोललास. लुसूमावशी हसली. मीही हसले. तू हसला नाहीस.

त्या थंड महिन्यांतला एक दुपारचा प्रसंग मला रोज आठवतो. मुंबईहून आलेली मुलं होती, वाईट नव्हती, उत्साहात होती. तू पायरीवर बसला होतास. त्यांतली एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "अंकल, जरा साइडला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

तू उठलास. बाजूला झालास. स्वतःच्या भट्टीच्या फोटोतून बाजूला झालास, तेही "सॉरी" म्हणून. मी कुंपणाशी उभी होते. दर आठवड्याला कशावर ना कशावर पत्रक काढणारी मी, त्यावर एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार होते? मथळ्यात माझंच नाव आलं असतं.

त्याच संध्याकाळी तू मला म्हणालास, "एक काम कर. दुसऱ्यां पत्रक काढ. लिव, घुमट जुझेन बांधलो, आठ वर्सां झाली. मगे ते म्हणतले, नवो आसा तर पेटय बाबा."

"काका, मग सगळे म्हणतील मी खोटारडी आहे."

"मगे?"

"मग पुढच्या वेळी माझ्यावर विश्वास कोण ठेवील?"

"फुडल्या वेळेचां नंतर बघ गो. ह्या वेळेचां काय?"

मी म्हटलं, बैठक होऊ दे. बैठक पुढे गेली. मग परत पुढे गेली. तू पुन्हा विचारलं नाहीस. कधीच नाही. त्या न विचारण्याचा मला आजही राग येतो. ओरडायचं होतंस. पावाच्या फळीने मारायचं होतंस. मी चळवळीतली मुलगी, मला ओरडणं कळतं. गप्प बसणं मला कळत नाही.

तू फक्त रोज सकाळी दोरीखालून हात घालायचास, भट्टीच्या तोंडात, आणि पुटपुटायचास. मला वाटायचं, म्हातारा भट्टीसाठी प्रार्थना करतोय. किती मूर्ख मी. तू प्रार्थना करत नव्हतास, तपासत होतास. आमेनपर्यंत हात आत, आणि थंड.

तू भट्टी विझली म्हणून गेलास, असं मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी छातीचं जुनं दुखणं सांगितलं, आणि आयुष्यभर धूर खाल्ला होतास, हेही त्यांनी सांगितलं. तेही इथे लिहून ठेवते, कारण लॉजवाले ते बोलणारच आहेत, तर माझ्याकडून ऐकलेलं बरं. ओळ चांगली जुळते म्हणून खरी नसते. हे शिकायला मला तुझं मयत लागलं.

सातव्या दिवशी चर्चमध्ये तुझ्या आत्म्यासाठी मिस झाली. इगर्जीच्या दारात मी उभी राहिले आणि दुसरं पत्रक वाटलं. मथळा नाही, मागण्या नाहीत. चार ओळी. "भट्टीचा घुमट दोनशे वर्षांचा नाही. आठ वर्षांपूर्वी जुझेने बांधला. खोटं मी लिहिलं. त्याने माझ्यासाठी होकार दिला." खाली माझं नाव, पूर्ण. काहींनी वाचून माझ्याकडे बघितलं नाही. काहींनी फारच बघितलं. आमच्या चळवळीतल्या एकाने बाजूला घेऊन विचारलं, "याची गरज होती का?" मी म्हटलं, सहा महिन्यांपूर्वी होती.

लुसूमावशीने पत्रक घडी करून कमरेला खोवलं आणि म्हणाली, "एक चूक आसा."

"कुठली?"

"घुमट तेंचो. पण मातीत पाय कोणाचे? तिनय खेपेक माती मी तुडवलंय. तुझ्या धाकट्या पत्रकात पण मी नाय, थोरल्या पत्रकात पण मी नाय."

मी तिथेच पेनाने प्रत्येक उरलेल्या कागदावर लिहिलं: आणि लुसूने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुदळ घेऊन आवारात उभी. दोरी तिने आधीच सोडून कपडे वाळत घालायला बांधली होती. "फोड," म्हणाली.

"मावशी, त्या कागदावर काकाची सही आहे."

"ज्येंनी सही केल्यानी, ते खंय आसत? जा, तेंका विचार." आणि पहिला घाव तिनेच घातला.

साहेबांना कोणीतरी फोन केला असणार. ते आले, धापा टाकत. "अहो, हे काय करताय? वारसा आहे तो! कारवाई होईल!"

मी पत्रक त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "आवार यांचं, भट्टी यांची, आणि खोटं माझं. कारवाई करायची तर माझं नाव खाली लिहिलेलं आहे."

लुसूमावशी पदराने तोंड पुसत म्हणाली, "साहेबानू, तुमी मयताक फुलां घेवन इलास, माका बरां वाटलां. आता कुदळ धरूची तर धरा. नायतर वायच साइडीक व्हा, फ्रेमीत येतास."

तू असतास तर हसून पायरीवरून पडला असतास, काका.

साहेब साइडीक झाले. फाईलमध्ये काहीतरी लिहून गेले. नोटीस परवा आली आहे, माझ्या नावाने. सुनावणीला मी जाणार आहे, आणि जाताना पिशवीत उंडे नेणार आहे.

घुमट फुटला तेव्हा आत काय होतं, ते तुला माहीतच आहे. पण मला माहीत नव्हतं. लाल मातीच्या ढेकळांत काळे खडे. तू कुटून घातलेली आधीच्या घुमटाची माती. आणि त्या काळ्या खड्यांतलाही एक मी फोडला, तर त्याच्या पोटात अजून काळा, अजून बारीक कण. मी तो तळहातावर घेऊन मावशीला विचारलं, "हे कोणाच्या घुमटातलं? किती जुनं असेल?"

"परत आकडो काढतंस?" ती म्हणाली.

नाही काढत. किती जुनं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कुटलं आणि नव्या मातीत घातलं.

बूड तसंच ठेवलं, आज्याचं. खाली वाळू, मीठ, फुटक्या बाटल्यांच्या काचा, ऊब धरून ठेवायला. वारुळाची माती आणली. भाताचा तूस घातला, काकवीचं पाणी घातलं आणि दोन दिवस तुडवली, एका बाजूने ती, एका बाजूने मी. पायांना भेगा पडल्या. भिंतींच्या आत ओली वाळू रचली, वर गोल केली, तिच्यावरून मातीचा घुमट घातला. तुडवता तुडवता ती सहज बोलली. मी विचारलंही नव्हतं.

"मी तेंका विचारलंय त्या दिसा. साहेबाक खोटां कित्या सांगितलास म्हणान. तर म्हणाले, चेडू सगळ्यांसमोर उभां होतां."

बस्स, एवढंच म्हणालास तू. मी मातीत पाय थांबवून उभी राहिले. मग ती म्हणाली, "तुडव गो, माती सुकता." मग रडले, पण तुडवता तुडवता.

आज तुझ्या महिन्याची मिस झाली. घरी आल्यावर भट्टीच्या तोंडातून हात घालून ओंजळी-ओंजळीने आतली वाळू बाहेर काढली. घुमट राहिला. आपल्या पायांवर, म्हणजे लुसूमावशीच्या पायांवर, उभा राहिला. बल्ब जुना घुमट फोडतानाच काढून ठेवला होता, तो आता न्हाणीघरात लावलाय, तिथे त्याचा उजेड बरा पडतो. आत दोन करवंट्या आणि मूठभर सुकी पानं ठेवून पहिला जाळ केला. एवढासाच. कच्च्या घुमटाला एकदम आग दाखवायची नाही, आठवडाभर असं हळूहळू जागवायचं, हे तू मला शिकवलं नाहीस. मी कधी विचारलंच नाही, वारसा लिहिण्यात गुंतले होते. तिने शिकवलं.

मी बाही वर सारली आणि हात आत घातला. नमान मारिये म्हटली, न चुकता. आमेनपर्यंत हात आत राहिला, म्हणजे भट्टी अजून कच्ची आहे. पण काका, हात थंड नव्हता.

मग धूर बाहेर आला, घुमटावरून वळला आणि मागे लॉजच्या गॅलरीकडे गेला. वरून कोणीतरी ओरडलं, "ओ! धूर येतोय इकडे!"

लुसूमावशीने मान वर केली, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडली,

"येतलोच!"

आणि तिसरी करवंटी आत टाकली.